मालमत्ता विम्याचा दावा आणि वकिलाची नेमणूक : एक विवेचन

प्रस्तावना

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर व सांगली, तर २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण महापुरात बुडाले. अशा आपत्तीत पाणी ओसरते, परंतु विम्याच्या दाव्याचा प्रश्न मागे राहतो. गृहकर्ज घेताना बँकेच्या आग्रहाने उतरविलेला घराचा विमा अनेक प्राध्यापकांकडेही असतो. विमापत्र मात्र बहुधा न वाचताच कपाटात पडून असते. दावा नाकारला गेला अथवा अत्यल्प रक्कम मंजूर झाली म्हणजे वकील नेमावा काय, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर वादाच्या स्वरूपावर अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वादाचे तीन प्रकार

पहिला प्रकार विलंबाचा होय. कागदपत्रे अपुरी आहेत किंवा कंपनी उत्तर देत नाही, एवढीच अडचण असेल तर वकिलाची आवश्यकता नसते. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. २०१७ च्या नियमांनुसार वैयक्तिक विमा तसेच एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारी तेथे चालतात. २०२३ च्या दुरुस्तीने भरपाईची मर्यादा ३० लाखांवरून ५० लाख रुपये झाली. येथे शुल्क नाही आणि तक्रार वकिलामार्फत दाखल करता येत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रलंबित असल्यास मात्र लोकपाल तक्रार स्वीकारत नाही. म्हणून मार्गांचा क्रम विचारपूर्वक ठरवावा.

दुसरा प्रकार रकमेचा होय. सर्वेक्षकाने नुकसान कमी आकारले असेल, तर प्रथम त्याच्या अहवालाची प्रत लेखी मागावी. कित्येकदा कपातीचे मूळ अल्पविम्यात असते. उदाहरणार्थ, मालमत्तेचे मूल्य ४० लाख आणि विमा २० लाखांचा असेल, तर सरासरीच्या अटीनुसार ६ लाखांच्या नुकसानीपोटी ३ लाखच मिळतात. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रात घरासाठी ही कपात केली जात नाही. त्यामुळे आपले विमापत्र कोणते, हे आधी पाहावे. आकारणीच चुकीची असेल, तर वकिलापेक्षा स्थापत्य अभियंत्याचा किंवा मूल्यनिर्धारकाचा अहवाल अधिक उपयोगी पडतो. सर्वेक्षकाचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तिसरा प्रकार हक्काचा होय. माहिती दडविल्याचा किंवा खोटा दावा केल्याचा आरोप, अपवादाच्या कलमाचा अर्थ, विमापत्र रद्द करण्याची भाषा, यांपैकी काही उद्भवल्यास वाद कायद्याचा बनतो. अशा वेळी उत्तराचे पहिले पत्र लिहिण्यापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा. कारण त्या पत्रातील प्रत्येक विधान पुढे पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते.

सही आणि मुदत

‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या डिस्चार्ज व्हाऊचरवर घाईने सही करू नये. फसवणूक किंवा दडपण सिद्ध झाल्यास अशी सही उर्वरित हक्काच्या आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अजमेर सिंग कॉटन प्रकरणात म्हटले. परंतु ते सिद्ध करण्याचा भार विमेदारावरच पडतो. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत, वादाचे कारण घडल्यापासून, दोन वर्षांची आहे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे, एवढ्याने ती आपोआप वाढत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि स्वतः बाजू मांडण्याची मुभाही आहे. तथापि, समोर कंपनीचे अनुभवी वकील असतील व रक्कम मोठी असेल, तर वकील नेमणे श्रेयस्कर.

खर्चाचा विचार

मिळणाऱ्या भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरविण्यास भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी मनाई केली आहे. म्हणून फी आधीच लेखी ठरवावी आणि ती वादग्रस्त रकमेशी ताडून पाहावी. प्रत्येक वेळी वकीलपत्र देण्याची गरज नसते. कागदपत्रे दाखवून एकदा सल्ला घेणे अनेकदा पुरेसे होते. तसेच, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत विधी सहाय्यास पात्र व्यक्तींत महिला आणि पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीचे बळी यांचा समावेश आहे. ही तरतूद ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते.

समारोप

सारांश, विलंबासाठी तक्रार अर्ज, रकमेसाठी तज्ज्ञ आणि हक्कासाठी वकील, असा हा विवेक आहे. तो करण्यास विमापत्र, छायाचित्रे, पावत्या व पत्रव्यवहार यांची नीट जपलेली फाईल लागते. ती नसेल, तर निष्णात वकीलही फारसे काही करू शकत नाही. आपले विद्यार्थी पूरग्रस्त कुटुंबांतून येतात. हे ज्ञान वर्गापर्यंत पोहोचले, तर एखादे घर पुन्हा उभे राहण्यास त्याचा हातभार लागेल.