दर पंधरा मिनिटांनी

कुंभार पिंपळगावात पावसाळ्यात कुणालाही विचारा, नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) किती टक्के भरला याचं उत्तर लगेच मिळतं. ऊस लावायचा की नाही, मोसंबीच्या बागेला उन्हाळी आवर्तन मिळेल का, हे त्या टक्क्यावर ठरतं. जायकवाडीचा डावा कालवा गावाच्या घनसावंगी तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. दक्षिणेला गोदावरी तालुक्याची हद्द आखते आणि तिच्यावर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळीचे बंधारे आहेत. पाणी किती, हा हिशेब इथे लहान पोरांनाही येतो. पाणी कसं आहे, हे मात्र वास सुटला, फेस दिसला किंवा मासे उलटे होऊन तरंगले की कळतं. म्हणजे फार उशिरा.

हा उशीर टाळण्यासाठीचं एक यंत्र गेल्या दहा-बारा वर्षांत साखरपट्ट्यात आलं आहे. कारखान्यात त्याला नुसतं ‘ऑनलाइन सिस्टीम’ म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी राज्य मंडळांना निर्देश दिले की, अतिप्रदूषणकारी ठरवलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांनी आपलं सांडपाणी आणि धूर सतत मोजणारी यंत्रणा बसवावी आणि आकडे थेट मंडळाकडे पाठवावेत. या १७ मध्ये साखर आहे, डिस्टिलरी आहे, कागद आहे. गोदाकाठचा कुठलाही साखर कारखाना त्यातून सुटत नाही.

दिसायला प्रकरण अगदी किरकोळ. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, म्हणजे ईटीपीच्या, शेवटच्या टाकीत सोडलेले दोन-तीन स्टीलचे प्रोब, भिंतीवर एक पेटी, बाहेर जाणाऱ्या पाइपवर फ्लोमीटर आणि आकडे पाठवणारा डेटा लॉगर. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५,०४०. नदीचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेण्याची जुनी पद्धत महिन्याला एक, वर्षाला बारा आकडे देते. शाळेत महिन्यातून एकदा डोकावून वर्षभराची हजेरी भरावी, तसा तो कारभार होता.

पण हे यंत्र सगळंच खरोखर ‘मोजतं’ असं नाही, आणि इथेच त्याची ओळख नीट करून घ्यायला हवी. पीएच ते मोजतं: काचेच्या पातळ पडद्यावर तयार होणारा विद्युतदाब वाचतं. गढूळपणा मोजतं, पाण्यातल्या कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून. बीओडीचं मात्र तसं नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचं माप. त्याची आपल्याकडची रीतसर चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. तीन दिवसांची चाचणी पंधरा मिनिटांत कोण करणार? मग प्रोब एक युक्ती करतो. पाण्यातून अतिनील किरण सोडतो, २५४ नॅनोमीटरच्या आसपास ते किती शोषले गेले ते पाहतो आणि आधी प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांशी ताळा जुळवून बीओडीचा अंदाज सांगतो. पडद्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत झळकणारा तो आकडा असा अनुमानाचा असतो.

त्यात साखरेची एक गंमत आहे. शुद्ध साखर या अतिनील किरणांना जवळजवळ पारदर्शक असते. कारखान्यात साखर शिजवणाऱ्या पॅनमधून साखर पाण्यात गळली, तर बीओडी झपाट्याने चढतो, कारण जिवाणूंना साखरेसारखं सोपं खाद्य दुसरं नाही. प्रोबला मात्र दिसतात ती साखरेसोबत आलेली उसातली रंगीत आणि इतर सेंद्रिय द्रव्यं. मळीच्या काळ्या पाण्यात ती भरपूर, वाफेसोबत निसटलेल्या साखरेत फार थोडी. म्हणून ताळा त्याच कारखान्याच्या पाण्यावर, हंगाम चालू असताना जुळवावा लागतो. दुसरीकडचं गणित इथे चालत नाही. यंत्र विकणारा हे सहसा सांगत नाही.

बीओडीपेक्षा माझा भरवसा फ्लोमीटरवर जास्त आहे. कारण तिथे अंदाज नाही, आणि नियमही स्वच्छ आहे. साखर कारखान्यांसाठीच्या २०१६ च्या मानकांनुसार गाळलेल्या उसाच्या टनामागे एकूण सांडपाणी २०० लिटरच्या वर बाहेर जाता कामा नये. रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याला ही मर्यादा पाच लाख लिटर. बीओडीची मर्यादा, पाणी नदीनाल्यात सोडायचं असेल तर लिटरला ३० मिलिग्रॅम, जमिनीवर सोडायचं असेल तर १००. किती ऊस गाळला हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक असतं, तेव्हा गुणाकार करायला तज्ज्ञ लागत नाही.

यंत्राचं आयुष्य एका माणसावर अवलंबून असतं. प्रोबच्या काचेवर दोन-चार दिवसांत बुळबुळीत थर चढतो. ब्रश किंवा दाबाची हवा तो काही अंशी काढते, बाकीचा हाताने पुसावा लागतो. पीएचचा इलेक्ट्रोड हळूहळू सरकतो. त्याला अधूनमधून ४, ७ आणि १० पीएचच्या द्रावणात बुडवून पुन्हा ताळ्यावर आणावं लागतं. हे करतो ईटीपी ऑपरेटर, ज्याची पाळी रात्रीही असते आणि ज्याचं नाव कुठल्याही अहवालात नसतं. त्याने आठवडाभर प्रोब पुसला नाही, तर लाखोंची यंत्रणा आकडे पाठवत राहते आणि ते सगळे चुकलेले असतात.

मुद्दाम फसवण्याच्या वाटाही आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे प्रोब स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवणं. पण अशी लबाडी आकड्यांतूनच उघडी पडते. खरं पाणी कधी स्थिर नसतं: दुपारी तापतं, रात्री निवतं, पाळी बदलली की त्याची चव बदलते. आलेख तीन दिवस एका रेषेत सरळ गेला, तर पाणी शुद्ध आहे असं समजू नये, प्रोब त्या पाण्यात नाही असं समजावं.

नदीत हेच यंत्र आणखी वेगळं काही दाखवू शकतं. पावसाळा सरला की बंधाऱ्यामागची गोदावरी म्हणजे साचलेलं हिरवं पाणी. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं. तीस अंशांना लिटरभर पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, दुपारी आकडा त्याच्याही वर जातो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं आणि पहाटे तो तळाला लागतो. मासे मरतात ते पहाटे, नमुना घेणारा येतो तो दिवसाउजेडी. त्याची बाटली खोटं बोलत नाही, पण भलत्या वेळी भरलेली असते. ही पहाट फक्त रात्रभर जागं असलेलं यंत्र पकडतं. केंद्रीय मंडळाने गंगेवर अशी स्वयंचलित केंद्रं उभी केली आहेत.

युरोपाला हा धडा महागात पडला. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ सँडोझ कंपनीचं रसायनांचं गोदाम जळालं. आग विझवण्याच्या पाण्यासोबत कीटकनाशकं ऱ्हाइनमध्ये गेली आणि मासे मोठ्या संख्येने मेले. त्यानंतर नदीकाठच्या पहारा केंद्रांत प्रोबच्या जोडीला डॅफ्निया नावाचे चिमुकले पाणपिसू ठेवले गेले. त्यांचं पोहणं बदललं की इशारा वाजतो. यंत्राला अमुक विष ठाऊक नसलं तरी पिसूला ते बाधतं, हा त्यामागचा साधा विचार.

आपल्याकडची खरी अडचण प्रोबची नाहीच. ज्याच्यावर नजर ठेवायची, यंत्र त्याच्याच पैशाचं, त्याच्याच आवारात आणि त्याच्याच माणसाच्या ताब्यात आहे. गावाच्या विहिरीला तर हेही नाही. तिथे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, करतो. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे एवढं कळतं, नायट्रेट किंवा फ्लोराइडबद्दल काहीच नाही. कारखान्याच्या शेवटच्या टाकीचं पाणी वर्षाला पस्तीस हजार वेळा तपासायचं आणि माणसं पितात ते मोजक्या वेळा, हा क्रम मला उलटा वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात अशी ऑनलाइन मोजमापं राज्य मंडळांच्या पोर्टलवर लोकांसमोर ठेवायला सांगितलं आहे. तेव्हा येत्या गळीत हंगामात आपल्या भागातल्या कारखान्याचे आकडे शोधा. रेषा सपाट दिसली, आकडे अधूनमधून गायब झाले किंवा पोर्टलवर काहीच सापडलं नाही, तर मंडळाकडे माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा: प्रोबच्या शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि त्याच महिन्यातल्या प्रयोगशाळेच्या नमुन्याचा निकाल. अर्ज मात्र नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करा.