कोष्टकाची खतावणी : जीमॅटमधील एका प्रश्नप्रकाराची उकल

व्यापारी घरांतील अनेक मुले-मुली पदवीनंतर काही वर्षे पेढीवर किंवा नोकरीत अनुभव घेऊन व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणाकडे वळतात. परदेशी विद्यापीठे, हैदराबाद व मोहालीची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस, तसेच अहमदाबाद, बंगळूर व कोलकाता येथील भारतीय व्यवस्थापन संस्थांचे अनुभवी पदवीधरांसाठीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम यांच्या प्रवेशासाठी जीमॅट परीक्षेचे गुण ग्राह्य मानले जातात. या परीक्षेचे स्वरूप नोव्हेंबर २०२३ पासून बदलले. आता तिचे गणित, भाषा आणि ‘डेटा इनसाइट्स’ असे तीन विभाग असून प्रत्येकास ४५ मिनिटे मिळतात. २०१२ मध्ये माहिती-विश्लेषणाचा विभाग प्रथम आला, तेव्हा त्याचे गुण वेगळे दाखवले जात व एकूण गुणांत धरले जात नसत. आज डेटा इनसाइट्सला अन्य दोन विभागांइतकेच वजन आहे. या विभागातील पाच प्रश्नप्रकारांपैकी एक म्हणजे कोष्टक-विश्लेषण.

हिशेबात वाढलेल्या मुलांना हा प्रकार सोपा वाटावा, अशी अपेक्षा असते. अनेकदा घडते उलटेच. आकडे दिसताच बेरीज-वजाबाकी सुरू करण्याची सवय येथे वेळ खाते. या विभागात २० प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नास सरासरी सव्वादोन मिनिटे. कोष्टकाच्या एका प्रश्नात तीन विधाने असतात आणि प्रत्येकाचे उत्तर ‘होय–नाही’ किंवा ‘खरे–खोटे’ अशा जोडीतून निवडावे लागते. तिन्ही उत्तरे बरोबर आली तरच गुण मिळतात. दोन बरोबर व एक चूक असेल, तर त्या प्रश्नाचे काहीच मिळत नाही.

रोजमेळ आणि खतावणी

पडद्यावरील कोष्टकाच्या वर एक यादी असते. तीतून एखादा रकाना निवडला की सर्व ओळी त्या रकान्याच्या क्रमाने लागतात. ही सोय जुन्या पेढीवरील कामासारखीच आहे. रोजमेळात नोंदी तारखेच्या क्रमाने असतात. एखाद्या गिऱ्हाइकाकडे किती येणे आहे, हे रोजमेळ चाळून सांगणारा मुनीम दुपार घालवील. खतावणी उघडणारा क्षणात सांगेल. नोंदी त्याच, मात्र मांडणी विचारलेल्या प्रश्नास अनुकूल. म्हणून कोष्टक-विश्लेषणातील पहिले काम कोष्टक वाचणे हे नव्हे. शीर्षक, रकान्यांची नावे आणि एकके यांवर नजर टाकावी, लगेच विधान वाचावे आणि ते कोणत्या रकान्याची खतावणी मागते, हे ठरवावे.

एक उदाहरण

समजा, कापडाच्या एका पेढीच्या पाच शाखांची या वर्षाची विक्री लाख रुपयांत, मागील वर्षाच्या तुलनेत झालेली वाढ आणि कर्मचारीसंख्या अशी दिली आहे :

पुणे – विक्री २६०, वाढ ४ टक्के, कर्मचारी १६
सोलापूर – विक्री ९०, वाढ ५० टक्के, कर्मचारी ६
कोल्हापूर – विक्री २१०, वाढ ५ टक्के, कर्मचारी १०
सांगली – विक्री १२०, वाढ २० टक्के, कर्मचारी ८
नाशिक – विक्री १७५, वाढ २५ टक्के, कर्मचारी १२

पहिले विधान : विक्रीचा मध्यक असलेल्या शाखेत १० पेक्षा अधिक कर्मचारी आहेत. विक्रीच्या रकान्यावर क्रम लावताच पाचांपैकी तिसरी ओळ नाशिकची येते. तेथे १२ कर्मचारी आहेत. उत्तर ‘होय’. एकही बेरीज लागली नाही.

दुसरे विधान : टक्केवारीत सर्वाधिक वाढ झालेल्या शाखेची रुपयांतील वाढही सर्वाधिक आहे. वाढीच्या रकान्यावर क्रम लावला की सोलापूर टोकाला येते. ५० टक्के वाढून विक्री ९० लाख झाली, म्हणजे आधी ती ६० होती. वाढ ३० लाखांची. नाशिकची विक्री २५ टक्के वाढून १७५ झाली, म्हणजे आधी १४०. वाढ ३५ लाखांची. उत्तर ‘नाही’. ‘सर्वाधिक’ किंवा ‘प्रत्येक’ असे म्हणणारे विधान एका विरुद्ध उदाहरणाने कोसळते. ते सापडल्यावर उरलेल्या शाखा तपासणे म्हणजे वेळेची उधळण. विधान खरे ठरवायचे असेल, तेव्हा मात्र सर्व ओळी पाहाव्या लागतात.

तिसरे विधान : या कोष्टकावरून असे म्हणता येते की, सर्वाधिक नफा पुण्याच्या शाखेस झाला. व्यापाऱ्याच्या घरातील मूल येथे हमखास अडखळते, कारण मोठ्या गल्ल्याची दुकाने त्याने पाहिलेली असतात. परंतु कोष्टकात खर्चाचा रकानाच नाही. विक्रीवरून नफा ठरत नाही, म्हणून उत्तर ‘नाही’. बाहेरचा अनुभव कितीही खरा असला, तरी जे लिहिलेले आहे तेवढ्यावरच निर्णय द्यायचा असतो.

वेळेची बचत

एखादे विधान दोन अटी एकत्र पूर्ण करणाऱ्या ओळींची संख्या विचारते. अशा वेळी जी अट कमी ओळींना लागू पडते, तिच्या रकान्यावर क्रम लावावा. मग दुसरी अट मोजक्याच ओळींत पाहावी लागते. दोन विधानांस एकच क्रम उपयोगी पडत असेल, तर ती एकापाठोपाठ सोडवावीत. विधानांचा छापील क्रम पाळण्याचे बंधन नाही. या विभागात पडद्यावर गणकयंत्र मिळते, परंतु १७५ चा पाचवा भाग काढण्यासाठी ते उघडण्यात वेळच जातो. अंदाजाने निर्णय होत नसेल, तेव्हाच त्याचा आधार घ्यावा.

उत्तर दिल्याशिवाय पुढील प्रश्न उघडत नाही. मात्र शंकास्पद प्रश्नावर खूण करता येते आणि विभागाच्या शेवटी वेळ उरल्यास तीनपर्यंत उत्तरे बदलता येतात. विभाग अपुरा सोडल्यास गुण कापले जातात. म्हणून तीन मिनिटांपलीकडे कोष्टकात गुंतून राहण्यापेक्षा योग्य वाटेल ते उत्तर देऊन, खूण करून पुढे जाणे शहाणपणाचे.

या तयारीत घरचेही हातभार लावू शकतात. पेढीच्या मालसाठ्याची किंवा उधारीची यादी संगणकावर असतेच. तीतील वीस-पंचवीस ओळी घेऊन वडीलधाऱ्यांनी तीन विधाने तयार करावीत, त्यांपैकी एक मुद्दाम यादीबाहेरच्या गोष्टीविषयीचे असावे, आणि घड्याळ लावून मुलांना उत्तरे विचारावीत. चुकलेल्या प्रत्येक विधानापुढे कारण लिहून ठेवावे : रकाना चुकला, एकक चुकले, की कोष्टकात नसलेली गोष्ट गृहीत धरली. काही आठवड्यांत त्या टिपणावरूनच कळते की, सराव नेमका कशाचा हवा आहे.