पोरं घेऊन हैदराबाद

कमठाण्याहून बीदर, पुढे जहीराबाद, की लागला ६५ क्रमांकाचा महामार्ग. पुण्याहून निघून मच्छलीपट्टणला जाणारा हाच रस्ता शहर ओलांडल्यावर रामोजी फिल्म सिटीच्या दारावरून जातो. चारमिनारपाशी काम नसेल तर पटनचेरूला १५८ किलोमीटरच्या आउटर रिंग रोडवर चढावं. गर्दीतला वेळ वाचतो.

१९९६ साली सुरू झालेली फिल्म सिटी १,६०० एकरांहून मोठी. आत त्यांच्याच बसमधून फिरायचं. खोटं रेल्वे स्टेशन, खोटं विमानतळ, मागून पोकळ असलेल्या भिंती. थोरांना त्यातच जास्त मजा वाटते. पाळणे आणि पाणी हवं असलेल्या पोरांसाठी रावीर्यालचं वंडरला (२०१६) बरं. तिथं तिकीट वयावर नाही, उंचीवर. पाण्यात नायलॉनसारखे पोहण्याचेच कपडे लागतात; सुती बनियन-चड्डीवर कुणी उतरू देत नाही. घरचा डबाही आत चालत नाही, तेव्हा भाकरी-चटणी वाटेतच उरकावी. दोन्ही ठिकाणं एका दिवसात करू नयेत. पैसे जातात आणि पोरं रडतात.

तिसरा दिवस काढता आला तर सालारजंग संग्रहालय. तिथल्या घड्याळातून दर तासाला एक बाहुला बाहेर येऊन घंटा वाजवतो. बाराला बारा टोले पडतात, म्हणून आधीच पुढची जागा धरावी. संग्रहालय शुक्रवारी बंद, नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी.