आधी पाहणी, मग आराखडा
नगर व प्रादेशिक नियोजनाचे विद्यापीठीय शिक्षण

नगराची वाढ ही आपोआप होणारी गोष्ट आहे, असे पुष्कळांस वाटते. घरे वाढतात, रस्ते अपुरे पडतात, नळाचे पाणी दिवसाआड येऊ लागते. मग कोठे रस्ता रुंद करावा, कोठे नवी टाकी बांधावी, असा विचार सुरू होतो. हा विचार अडचण उद्भवण्यापूर्वीच आणि सर्व बाजूंनी करणे, हे नगर व प्रादेशिक नियोजन या शास्त्राचे कार्य होय. २०११ च्या जनगणनेच्या वेळी भारतातील सुमारे ३७ कोटी ७० लक्ष लोक, म्हणजे दर शंभरांतील एकतीस, नगरांत राहत होते. त्यांच्या वस्तीचा विचार करणारे तज्ज्ञ कसे तयार होतात, हे येथे पाहावयाचे आहे.

शास्त्राचा उगम

इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात १९०९ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. जगातील विद्यापीठांत तो पहिला मानला जातो. भारतात या विषयाचा पाया घालण्यात पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) या स्कॉटिश पंडिताचा वाटा मोठा आहे. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. १९१४ साली ते भारतात आले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले. नाडी पाहिल्यावाचून वैद्य औषध देत नाही, त्याप्रमाणे पाहणी केल्यावाचून नगराच्या रचनेत हात घालू नये, हे त्यांच्या शिकवणीचे सार. दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ते काढण्यासाठी सरसकट घरे पाडावीत, असा त्या काळी कल होता. गेडिस मात्र गल्लीबोळांतून पायी हिंडत. पडकी घरे, मोकळ्या जागा, विहिरी आणि झाडे नकाशावर टिपीत. आणि मोजकीच मोडकी घरे काढून हवा व उजेड कसा आणता येईल, हे दाखवीत. मद्रास इलाख्यातील नगरांविषयीचा १९१५ चा आणि इंदूरविषयीचा १९१८ चा, असे त्यांचे अहवाल आजही अभ्यासले जातात.

काय शिकावे लागते

या विषयाचा पदवी-अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. लोकसंख्याशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वाहतूक, गृहनिर्माण, पर्यावरण, जमिनीसंबंधीचे कायदे आणि नकाशालेखन हे त्यातील मुख्य विषय होत. मात्र हे सारे विषय एकत्र येतात ते स्टुडिओत. तेथे विद्यार्थ्यांच्या गटास एखादे खरे गाव, नगर किंवा नगराचा एखादा भाग नेमून दिला जातो. त्यांनी तेथे जाऊन पाहणी करावयाची, माहितीचे नकाशे व कोष्टके तयार करावयाची आणि मग आपला आराखडा शिक्षकांपुढे मांडून त्याचे समर्थन करावयाचे.

एका रस्त्याचे उदाहरण

समजा, एका लहान नगरात नऊ मीटर रुंदीच्या बाजाररस्त्यावर नेहमी कोंडी होते. रस्ता अठरा मीटर करावा, हा उपाय सहज सुचतो. एकास एक हजार या प्रमाणाच्या नकाशावर त्यासाठी दोन्ही बाजूंस साडेचार मिलिमीटर अंतरावर एकेक रेघ ओढली, की काम झाले! परंतु जमिनीवर ते साडेचार मीटर होतात. ज्या घराची मागची भिंत रस्त्यापासून सहा मीटरवर आहे, त्या घराचे दीड मीटरच शिल्लक राहते. पुढे दुकान आणि मागे संसार, अशी घरे असतील तर त्या एका रेघेने निवारा व उपजीविका दोन्ही जातात.

म्हणून विद्यार्थ्यास प्रथम रस्त्यावर उभे केले जाते. कोणत्या वेळी किती वाहने व किती पादचारी जातात, हे तो मोजतो. त्यात कदाचित असे आढळेल की, कोंडी आठवडी बाजाराच्या दिवशीच होते आणि तिचे कारण बाजाराच्या तोंडाशीच असलेला मोटारथांबा हे आहे. तसे असल्यास थांबा हलविणे पुरेसे ठरेल. कदाचित रुंदीकरण खरोखरच अपरिहार्य असल्याचे दिसेल. तेव्हा किती कुटुंबे हलतील आणि त्यांना कोठे जागा देता येईल, याचेही उत्तर आराखड्यात असावे लागते. कोणताही निर्णय पाहणीवाचून घेऊ नये, एवढा धडा त्यातून मिळतो.

नगराच्या सीमेपलीकडे

नगर आपल्या सीमेत संपत नाही. पन्नास हजार वस्तीच्या नगरास दरडोई दररोज १३५ लिटर पाणी द्यावयाचे, तर रोज साडेसदुसष्ट लक्ष लिटर पाणी लागेल. त्यापैकी सुमारे चार पंचमांश भाग, म्हणजे चोपन्न लक्ष लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडेल. हे पाणी आणावयाचे कोठून आणि सोडावयाचे कोठे? मुंबईस पाणी पुरविणारी तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे मुंबईच्या हद्दीबाहेर दूरवर आहेत. धरणाकाठच्या खेड्यांचा, खालच्या अंगाच्या शेतीचा आणि नदीचा विचार केल्यावाचून नगराचा हिशोब पुरा होत नाही. ‘प्रादेशिक’ हा शब्द या शास्त्राच्या नावात आला, तो यासाठीच.

शिक्षणाची सोय

भारत सरकारने १९५५ साली दिल्लीत या विषयाचे विद्यालय काढले. १९५९ साली दिल्ली पॉलिटेक्निकचा वास्तुकला विभाग त्यास जोडण्यात आला आणि नियोजन व वास्तुकला विद्यालय ही आजची संस्था आकारास आली. २००८ साली भोपाळ व विजयवाडा येथे अशीच विद्यालये निघाली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आणि पुण्याच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठातही हे शिक्षण मिळते. बारावीनंतर पदवी-अभ्यासक्रमास जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी केंद्रीय संयुक्त प्रवेश परीक्षेत नियोजनाची वेगळी प्रश्नपत्रिका असते. गणिताची तयारी तीत आवश्यक ठरते. वास्तुकला, स्थापत्य, भूगोल, अर्थशास्त्र अशा विषयांच्या पदवीधरांस पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग मोकळा असतो.

ज्यांना हा विषय विद्यापीठात शिकावयाचा नाही, त्यांनाही त्याची ओळख असणे इष्ट आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार नगराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, आणि ठराविक मुदतीत त्यावर हरकती व सूचना देण्याचा नागरिकांस अधिकार असतो. तो नकाशा ज्यास वाचता येईल, त्यालाच आपल्या शाळेवरून, विहिरीवरून किंवा घरावरून जाणारी रेघ वेळीच दिसेल.