‘काय’ची झाली ‘गाय’

गेल्या वर्षी राखीपौर्णिमेनंतर माझ्या संगणकाला फिट येऊ लागली. मी डोंबिवलीला घरीच डीटीपीचं काम करतो. ऑगस्ट-सप्टेंबर हा आमचा दिवाळी अंकांचा हंगाम: पानं लावायची, प्रुफं काढायची, लेखकांच्या शेवटच्या क्षणाच्या दुरुस्त्या सोसायच्या. नेमका तेव्हाच निळा पडदा. एकदा पीडीएफ करताना, एकदा कथेचं शीर्षक बदलताना, एकदा तर मी चहाला उठलो होतो तेव्हा. पडद्यावर कारणही दर वेळी निराळं, कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट’.

आधी मी विंडोजला दोष दिला आणि ती नव्याने टाकली. तीन दिवस बरे गेले, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मग ओळखीच्या दुरुस्तीवाल्याचा नुस्खा केला: रॅमच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवून ती परत बसवली. दमट हवेत त्या दातांवर थर चढतो, तेव्हा हा उपाय लागूही पडतो. (फार घासू नका, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. शिवाय आधी प्लग काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.) माझ्या बाबतीत फरक पडला नाही.

हे मशीन भाच्याने जोडलेलं. आम्ही दोघं दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो होतो आणि लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून भाग गोळा केले होते. रायझन ३ ३२००जी प्रोसेसर, दोनच खाचांचा स्वस्त मदरबोर्ड, ८ जीबीची एक रॅम. गेल्या वर्षीच जुलैत मी दुसरी ८ जीबीची स्टिक टाकली, दुसऱ्याच कंपनीची, कारण ती स्वस्त होती. दोन्हींवर ‘३२००’ छापलेलं, मग काय बिघडतं, असं वाटलं.

निळ्या पडद्याचं सांगायला भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, राखीला आलो होतो तेव्हा मीच एक्सएमपी चालू केलं होतं. तुझी रॅम २४००वर रखडत होती ना!”

एक्सएमपी म्हणजे रॅमला तिच्यावर छापलेल्या वेगाने पळवणारं सेटिंग. इथे गाठ सुटायला सुरुवात झाली.

रॅम आतून कशी असते ते पाहू. एक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, विजेची घागरच म्हणा. भरलेली तर १, रिकामी तर ०. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली या रचनेचं पेटंट मिळालं आणि आजही तीच चालते. ८ जीबीच्या स्टिकमध्ये अशा सुमारे ६,८७० कोटी घागरी असतात आणि सगळ्या गळक्या. म्हणून प्रत्येक घागर साधारण ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा, पुन्हा भरावी लागते. प्रोसेसरने वाचायची घाई केली, तर अर्धी घागर कधी भरलेली वाटते, कधी रिकामी.

एका बिटाने काय होतं? युनिकोडमध्ये ‘क’ आणि ‘ग’ यांच्या आकड्यांत एकाच बिटाचा फरक आहे. तो पालटला की ‘काय’ची ‘गाय’ होते. ‘ब’ आणि ‘म’ यांचंही तसंच, ‘बाळ’ची ‘माळ’ होते. प्रुफं वाचणाऱ्या माणसाला यापुढे झोप कशी लागावी? बेल्जियममध्ये २००३च्या निवडणुकीत एका उमेदवाराला मतदान यंत्राने ४,०९६ मतं जादा दिली. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे बरोब्बर एक बिट. मेमरीतला बिट आपोआप पालटला असावा, हेच कारण तेव्हा पुढे आलं.

पालटलेला बिट मजकुरात असेल तर अक्षर बदलतं, चित्रात असेल तर एखादा ठिपका बदलतो, विंडोजच्या स्वतःच्या हिशेबात असेल तर निळा पडदा येतो. विंडोज कुठला कार्यक्रम रॅममध्ये कुठे बसवेल, ते रोज बदलतं. म्हणूनच रोज वेगळं निमित्त. एकच कार्यक्रम सारखा बंद पडत असेल तर संशय त्या कार्यक्रमावर घ्या. वाटेल ते वाटेल तेव्हा बंद पडत असेल तर रॅमवर.

संशय आला तरी पुरावा हवा. मेमटेस्ट-८६ प्लस हा कार्यक्रम फुकट मिळतो. तो पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच सुरू करायचा. तो रॅममध्ये ठरावीक आकडे लिहितो, परत वाचतो आणि ताडून बघतो. रात्री लावला. सकाळी पडद्यावर लाल ओळी. लिहिलं होतं ‘एफएफएफएफ’, वाचलं ‘एफएफएफडी’. एक बिट! इतक्या दिवसांत पहिल्यांदा चोर दिसला.

पण चोर कोण, नवी स्टिक, जुनी की बोर्डाची खाच? पुढच्या चार रात्री मी एका वेळी एकच गोष्ट बदलली. जुनी स्टिक एकटी, दोन्ही खाचांत आळीपाळीने. मग नवी, तशीच. चारही वेळा एकही चूक नाही. दोन्ही स्टिक निर्दोष, खाचाही. दोघी एकत्र ३२००वर धावल्या की मात्र चूक.

कारण साधं होतं. स्टिकवर छापलेला ३२०० हा आकडा एक्सएमपी चालू केल्यावरचा. त्या प्रोफाइलमध्ये व्होल्टेज १.२ऐवजी १.३५ होतं. माझ्या प्रोसेसरचं नाव ३२००जी असलं, तरी त्याची कंपनी रॅमसाठी २९३३पर्यंतचीच हमी देते. नावातल्या आकड्याचा वेगाशी संबंध नाही. त्यावर दोन वेगळ्या घराण्यांच्या स्टिक एकाच तालावर नाचवायच्या, म्हणजे ओढाताण होणारच. बैलजोडी जुळलेली नव्हती आणि आम्ही शर्यतीला काढली होती.

बायोसमध्ये जाऊन वेग २९३३ केला, बाकी काही बदललं नाही. (असे बदल करताना संगणक सुरूच होईना, तर प्लग काढून बोर्डावरचा गोल सेल काही मिनिटं काढून ठेवा, सेटिंग मूळपदावर येतं.) पुन्हा रात्रभर चाचणी. शून्य चुका. २९३३वरही चुका आल्या असत्या तर २६६६ केला असता, आणि तेवढ्यानेही भागलं नसतं तर बिल घेऊन दुकान गाठलं असतं.

दिवाळी अंक वेळेत छापखान्यात गेले. वेग कमी झाल्याने पीडीएफ निघायला उशीर होत असेलही, पण मला तो जाणवत नाही. तुम्ही नवी रॅम लावलीत, किंवा कुणा भाच्याने मायेने सेटिंग बदललं, तर त्याच रात्री मेमटेस्ट लावून झोपा. आणि पुढच्या वेळी दोन स्टिक हव्या असतील, तर एकाच डब्यातली जोडी घ्या.