उभें राहण्याची आज्ञा

कुत्र्यास बसावयास शिकविण्याची हौस हल्लीं पुष्कळ घरांत दिसते. पाहुणे आले कीं घरांतील मुलें आपल्या मोत्यास किंवा टॉमीस पुढें आणतात, 'बस' म्हणतात, आणि तो बसला म्हणजे मोठ्या अभिमानानें सर्वांच्या तोंडाकडे पाहतात. पुढचा पाय हातांत देणेंही कित्येक कुत्र्यांस येतें. परंतु 'उभा' म्हटल्याबरोबर उठणारा आणि पुरे म्हणेपर्यंत तसाच उभा राहणारा कुत्रा विरळा. कारण विचारलें तर उत्तर मिळतें कीं, कुत्रा जन्मतःच चार पायांवर उभा असतो, त्यास तें निराळें काय शिकवावयाचें? उत्तर वरवर बिनतोड आहे. पण मुलास बोलतां येतें म्हणून त्यास वर्गांत प्रश्नाचें उत्तर देतां येतें असें नव्हे, हें जन्मभर हातीं खडू धरलेल्या मनुष्यास दुसऱ्यानें सांगावयास नको. आपखुषीनें उभें असणें वेगळें, आणि मन दुसरीकडे ओढ घेत असतां सांगितल्यावरून उभें राहणें वेगळें.

या आज्ञेचा उपयोग पाहुण्यांच्या करमणुकीपुरता नाहीं. कुत्र्याच्या अंगावरील गोचिडी काढावयाच्या असतात. कानांच्या आंत, बोटांच्या बेचकींत आणि शेपटीच्या मुळाशीं त्या विशेष दडतात, आणि बसलेल्या किंवा आडव्या पडलेल्या कुत्र्याच्या या जागा नीट हातीं लागत नाहींत. गोचिडीच्या चाव्यानें येणारा ताप कुत्र्यास प्राणघातक होऊं शकतो. पिसाळण्याच्या रोगावरील लस दरवर्षी टोंचावी लागते; त्या वेळीं दोघां-तिघांनीं दाबून धरलेला कुत्रा पुढच्या वर्षी दवाखान्याची पायरी चढत नाहीं. आंघोळ, पावसाळ्यांत चिखलाचे पाय पुसणें, जखमेस मलम लावणें, या साऱ्या गोष्टींस शांतपणें उभा राहणारा कुत्राच पाहिजे. ज्यास हात लावतां येत नाहीं त्याचा आजार घरांतल्या माणसांस कळतो, तो फार उशिरां.

आमच्या जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पर्यंत ज्यास अहमदनगर म्हणत आणि आतां ज्याचें सरकारी नांव अहिल्यानगर आहे त्या जिल्ह्यांत, याहून कठीण असें एक कारण आहे. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. प्रवरेच्या पाण्यावर पुढें ऊंस वाढला, आणि उंसाच्या दाट आडोशानें बिबट्यानें वस्तीशेजारीं बिऱ्हाड केलें. अकोलें तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं बिबट्याची विष्ठा गोळा करून त्याच्या आहाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. त्यांत असें आढळलें कीं, त्याच्या आहारांत वजनाच्या मानानें ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा आहे, आणि त्यांतही सर्वांत मोठा, म्हणजे ३९ टक्के, एकट्या कुत्र्यांचा. त्याखालोखाल मांजर, १५ टक्के. शेळ्या परिसरांत पुष्कळ असूनही त्यांचा वांटा कुत्र्यापेक्षां फारच कमी. शेळी रात्रीं गोठ्यांत कोंडली जाते; कुत्रा मात्र राखणीसाठीं म्हणून अंगणांत मोकळा किंवा, त्याहून वाईट, साखळीनें बांधलेला असतो.

तेव्हां रात्रीं कुत्र्यास घरांत किंवा बंद पडवींत घ्यावें, हा पहिला उपाय. त्यास पर्याय नाहीं. परंतु दार उघडतें, कोणी परसांत जातें, आणि उंसांत कांहीं सळसळलें कीं कुत्रा पायांतून निसटून अंधारांत धांवतो. त्या वेळीं 'ये' म्हटलें तर तो ऐकतोच असें नाहीं; कारण परत येणें म्हणजे समोरच्या गोष्टीस पाठ करणें, आणि तें त्याच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. उंबऱ्याशीं 'उभा' म्हटल्यावर तो जागच्या जागीं थबकला, तर गळपट्ट्यास हात घालण्यापुरता वेळ मिळतो. एवढ्यासाठीं तरी ज्यांचीं घरें रानांत आहेत त्यांनीं हा पाठ मनावर घ्यावा.

आतां कृति. कुत्रा थोडा भुकेला असावा, म्हणजे जेवणाच्या आधींची वेळ उत्तम. प्रथम त्यास बसवावें. भाकरीचा किंवा पनीराचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमटींत धरून त्याच्या अगदीं नाकाशीं न्यावा. (आपल्याकडे प्रसादाच्या शिऱ्यांतला बेदाणा प्रेमानें कुत्र्यापुढें टाकण्याची चाल आहे, ती सोडावी. बेदाणा, द्राक्ष आणि कांदा हे त्यास विषासमान आहेत.) मग ती चिमूट नाकाच्या उंचीवरच, जमिनीशीं समांतर, सरळ आपल्याकडे वीतभर ओढावी. नाक तुकड्यामागें येतें, अंगाचा भार पुढच्या पायांवर पडतो, आणि मागचा भाग आपोआप वर उचलला जातो. हात वर गेला तर कुत्रा उडी मारील. खालीं गेला तर आडवा पडेल. फार लांब गेला तर चालूं लागेल. मागचे पाय सरळ झाले त्याच क्षणीं 'शाबास' म्हणून तुकडा द्यावा. 'त्याच क्षणीं' हे शब्द मी मुद्दाम लिहितों. दोन पळें उशीर झाला आणि एवढ्यांत तो पुन्हां बसला, तर बक्षीस बसण्याचें झालें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं १९५१ सालीं जनावरांस शिकविण्याविषयीं एक सोपा लेख लिहिला, त्यांत याच मुद्द्यावर भर आहे. हातून तुकडा वेळेवर पोंचत नाहीं, म्हणून एखादा ठराविक आवाज आधीं खाण्याशीं जोडावा आणि तो नेमक्या क्षणीं करावा, अशी युक्ति त्यांनीं सुचविली. आपल्या घरीं 'शाबास' हा शब्द तेंच काम करतो. मात्र तो एरवीं उगाच उधळूं नये.

असें पांच-सहा वेळां करावें आणि थांबावें. दोन दिवसांनीं रिकाम्या हातानें तीच खूण करावी व तुकडा दुसऱ्या हातानें द्यावा. शब्दाची पाळी त्यानंतर. येथें बहुतेक लोक घाई करतात. शब्द आणि हात एकाच वेळीं आले, तर कुत्रा हाताकडे पाहतो आणि शब्द वाऱ्यावर जातो. पाव्हलॉव्हच्या प्रयोगांतही खुणेचा आवाज आधीं आणि अन्न मागून, असाच क्रम होता. तेव्हां प्रथम स्वच्छ एकदां 'उभा' म्हणावें, एक श्वास थांबावें, मग हाताची खूण करावी. कांहीं दिवसांनीं तो श्वास जरा लांबवावा. आणि एके दिवशीं हात हलण्यापूर्वींच कुत्रा उठून उभा राहिलेला दिसेल. त्या वेळीं तुकडा एक नव्हे, तीन द्यावे.

पोटाखालीं हात घालून उचलणें किंवा गळपट्टा धरून वर खेचणें, हे उपाय मात्र कटाक्षानें टाळावे. कुत्रा ढकलल्याच्या उलट दिशेस अंग टाकतो. उचलूं गेलें कीं तो अधिकच फतकल मारतो. बळजबरीवांचून प्राणी कसा वश होतो याचें उदाहरण नगरकरांस दूर शोधावयास नको. ऑगस्ट १९४२ मध्यें पकडलेले काँग्रेसचे पुढारी नगरच्या किल्ल्यांत ठेवले होते. त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद होते. त्यांच्या खोलींत चिमण्यांनीं उच्छाद मांडला. आधीं त्यांनीं चिमण्यांशीं युद्ध केलें, तें हरले, आणि मग तह केला. जमिनीवर तांदळाचे दाणे टाकून ते स्तब्ध बसत. हळूहळू दाणे जवळ आणीत. शेवटीं चिमण्या तळहातावरचे दाणे टिपूं लागल्या. 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या पत्रसंग्रहांत ही हकीकत मोठ्या रंगतीनें आली आहे. ज्यास बाहेरच्या जगावर कसलीही सत्ता उरलेली नव्हती अशा मनुष्यानें केवळ दाणे आणि स्थिरता यांवर हें साधलें. आपल्यापाशीं तर भाकरीही आहे आणि कुत्र्याचें प्रेमही.

मारण्याविषयीं अधिक काय लिहावें? महाभारताचें आदिपर्व उघडतें न उघडतें तोंच, पौष्य पर्वांत, जनमेजयाच्या सत्राजवळ आलेल्या सरमेच्या पुत्रास राजाचे भाऊ मारतात. पोर रडत आईकडे जातें. आई आधीं त्यासच विचारते कीं, तुझा कांहीं अपराध घडला काय? त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नव्हतें, चाटणें तर दूरच. तेव्हां ती कुत्री सत्राच्या जागीं येऊन, निरपराध्यास मारलें म्हणून, अकल्पित भयाचा शाप देते, आणि राजा चिंतेंत पडून योग्य पुरोहित शोधूं लागतो. शब्दाचा अर्थच जोंवर कुत्र्यास शिकविलेला नाहीं, तोंवर तो न पाळणें हा त्याचा अपराध कसा?

खरी अडचण कुत्र्याची नसून घराची आहे, आणि आपल्या एकत्र कुटुंबांत ती विशेष. संगमनेरास माझ्या एका स्नेह्यांचें चौदा माणसांचें घर आहे. तेथें मीं एका सकाळीं ऐकलें तें असें: काका म्हणाले, 'उभा राहा रे', कॉलेजांतील पुतण्या म्हणाला, 'स्टँड', काकू म्हणाल्या, 'थांब जरा', आणि आजी म्हणाल्या, 'ऊठ मेल्या वाटेंतून!' कुत्रा चौघांकडे आळीपाळीनें पाहून पुन्हां निजला. धाकटी नात रडकुंडीस येऊन म्हणाली, "आजी, तूं पण 'उभा'च म्हण ना!" आजी म्हणाल्या, "मला मेलीला काय ठाऊक त्याची परीक्षा चाललीय तें!"

शब्द कोणता असावा याचाही विचार करावा लागतो. मराठीचें एक संकट असें कीं, मोत्यास 'उभा' म्हणावें लागतें आणि चंपीस 'उभी'. कुत्र्यास लिंगविचार कळत नाहीं. त्यास तो केवळ निराळा आवाज. म्हणून एक रूप धरलें कीं व्याकरण बाजूस ठेवून तेंच चालवावें. 'ऊठ' हा शब्द लिंगनिरपेक्ष आहे खरा, पण घरांत मुलांस दिवसांतून चाळीस वेळां 'ऊठ' म्हटलें जातें आणि त्यांतून कुत्र्याच्या पदरीं कांहीं पडत नाहीं. असा शब्द बोथट होतो. 'सिट' आणि 'स्टँड' दोन्ही सकारानें सुरू होतात, तेंही गैरसोयीचें. माझी स्वतःची आवड विचाराल तर 'तिष्ठ'. स्था धातूचें आज्ञार्थी रूप, लिंगभेद नाहीं, आणि अर्थ उभें राहणें व थांबून राहणें असा दुहेरी. 'तिष्ठत ठेवणें' या आपल्या प्रयोगांत तो अजून जिवंत आहे. पण स्नेह्यांकडे ही सूचना हंशांत गेली, व गेली तें योग्यच झालें. कुत्र्यास आंघोळ घालणारा गडी आणि अंगण झाडणारी बाई यांच्याही तोंडीं तो शब्द सहज बसला पाहिजे. अखेर 'उभा' ठरला. एका कागदावर 'बस', 'उभा', 'पुरे' असे तीन शब्द लिहून तो कागद माजघराच्या भिंतीस लावला, आणि त्या पंधरवड्यांत शिकविण्याचें काम एकट्या नातीकडे दिलें. इतरांनीं त्या मुदतींत आज्ञाच करावयाची नाहीं, असा नियम. महिन्याभरांत तो कुत्रा आजींच्याही शब्दावर उठूं लागला.

यांत एक फसगत होण्याजोगी जागा आहे. बर्लिनला फॉन ओस्टेन नांवाचे एक गृहस्थ होते. तेही निवृत्त शिक्षक, आणि तेंही गणिताचे! त्यांचा हान्स नांवाचा घोडा बेरजा-वजाबाक्यांचीं उत्तरें खूर आपटून देई. फुंग्स्ट या संशोधकानें १९०७ सालीं दाखवून दिलें कीं, घोडा गणित करीत नव्हता. बरोबर आंकडा आला कीं विचारणाऱ्याचें डोकें नकळत किंचित् हालत असे, तें पाहून तो थांबे. मालकानें लबाडी केलेली नव्हती, त्यासही तें ठाऊक नव्हतें. आपला कुत्राही पुष्कळदां शब्द ऐकून नव्हे, तर आपलें पुढें वांकणें पाहून उठतो. म्हणून कधीं पाठ करून, कधीं खुर्चीवर बसून, कधीं दाराआडून आज्ञा करून पाहावी. तरीही उठला तर शब्द पोंचला. ती जागा बदलून अंगणांत, मग रस्त्यावर, मग दुसऱ्या कुत्र्यादेखत असेंच करावें. प्रत्येक नव्या जागीं थोडें मागें जाऊन शिकवावें लागतें. आवाज मात्र प्रसन्न असावा. बुडापेस्टच्या संशोधकांनीं २०१६ सालीं कुत्र्यांच्या मेंदूंचे प्रयोग केले, त्यांत स्तुतीचा शब्द आणि स्तुतीचा सूर दोन्ही एकत्र आले तेव्हांच त्यांच्या मेंदूंतील आनंदाचें केंद्र जागें झालेलें दिसलें.

उभा राहूं लागला म्हणजे काळ वाढवावा: आधीं दोन सेकंद, मग पांच, मग अर्धें मिनिट, आणि प्रत्येक वेळीं 'पुरे' म्हणून मोकळें करावें. मग त्या अवस्थेंत पाठीवरून हात फिरवावा, तुकडा द्यावा. कान उचलून पाहावा, तुकडा द्यावा. पाय, दांत, शेपटी, याच क्रमानें. घरांतल्या माणसांनंतर शेजाऱ्याकडून हेंच करवावें, म्हणजे पशुवैद्याचा परका हात त्यास नवा वाटणार नाहीं.

म्हाताऱ्या कुत्र्याविषयीं एक गोष्ट राहिली. कालपर्यंत शब्दासरशी उठणारा कुत्रा आज उठतांना कुरकुरूं लागला, किंवा अर्धवट उठून पुन्हां बसला, तर तो हट्टी झाला असें समजूं नये. बहुधा मागच्या सांध्यांत दुखत असतें, आणि थंडीच्या दिवसांत सकाळीं तें अधिक जाणवतें. अशा वेळीं गुळगुळीत फरशीवर त्याच्याखालीं तरट घालावें, पशुवैद्यास दाखवावें, आणि त्यांचा सल्ला मिळेपर्यंत 'उभा' ही आज्ञा देणें बंद ठेवावें.