एक मणका आणखी वर

शरीरांत उद्भवणाऱ्या गांठींचे वैद्यकशास्त्र दोन प्रकार मानतें : घातक आणि सौम्य. घातक गांठ भोंवतालच्या भागांत शिरते व दूरवर पसरते. सौम्य गांठ आपल्या जागींच सावकाश वाढते. दंडावर कातडीखालीं अशी गांठ वर्षानुवर्षें राहिली, तरी माणसाचें फारसें कांहीं बिघडत नाहीं. तीच पाठीच्या कण्याच्या आंत झाली, तर मात्र तिचा सौम्यपणा नांवापुरताच उरतो. मणक्यांच्या पोकळींतून करंगळीएवढा मज्जारज्जु खालीं गेलेला असतो. पोकळीच्या हाडी भिंती मागें सरत नाहींत; म्हणून गांठ वाढूं लागली कीं चेपला जातो तो मज्जारज्जुच.

अशा गांठी विरळाच आढळतात, आणि त्यांची पहिली खूण बहुधा फसवी असते. मज्जातंतूच्या मुळावर दाब पडून छातीभोंवतीं पट्टा आवळल्यासारखी कळ येते. ती खोकतांना वाढते, रात्रीं झोंप मोडते. रोगी छातीचा किंवा पोटाचा विकार समजून औषधें घेत राहतो. पुढें पाय जड होतात, स्पर्श बोथट होतो, आणि शेवटीं मूत्रविसर्जनावरील ताबा सुटतो.

१८८७ सालीं लंडनमध्यें एका लष्करी कॅप्टनची हीच अवस्था झाली होती. तीन वर्षें त्याच्या डाव्या खवाट्याखालीं असह्य वेदना होत होत्या, अनेक वैद्य झाले होते, आणि आतां दोन्ही पाय लुळे पडले होते. सर विल्यम गॉवर्स यांनीं त्याला तपासलें. कण्याच्या आंतील चित्र दाखविणारें कोणतेंही साधन त्या काळीं नव्हतें. क्ष-किरणांचा शोधसुद्धां १८९५ चा. कळ कोठें येते आणि स्पर्शज्ञान कोणत्या रेषेखालीं नाहींसें होतें, एवढ्यावरून त्यांनीं गांठीचें स्थान ठरविलें आणि शल्यक्रियेसाठीं तीस वर्षांच्या व्हिक्टर हॉर्स्ली यांना पाचारण केलें.

९ जून रोजीं हॉर्स्ली यांनीं मणक्यांच्या मागील कमानी काढून मज्जारज्जु उघडा केला. ठरविलेल्या जागीं गांठ नव्हती! आणखी हाड काढलें, तरीही कांहीं दिसेना. जखम मिटवून घ्यावी काय, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हां साहाय्य करणाऱ्या चार्ल्स बॅलन्स यांनीं आणखी एक मणका वर जाण्याचा आग्रह धरला. ती कमान काढतांच बदामाच्या आकाराची गांठ दृष्टीस पडली आणि मज्जारज्जूला इजा न करतां ती अलग करतां आली. वर्षभरांत तो रोगी चालूंफिरूं लागला, दिवसभर काम करूं लागला. कण्याच्या आंतील गांठीचें निदान करून ती यशस्वीपणें काढल्याचें हें पहिलें प्रसिद्ध उदाहरण होय.

गांठ अपेक्षेपेक्षां वर कां निघाली? एक तर, त्वचेच्या प्रत्येक पट्ट्याला शेजारच्या मज्जातंतूंचाही पुरवठा असतो. एक निकामी झाला तरी वरचा शेजारी त्याचें काम कांहींसें सांभाळतो, आणि बधिरतेची रेषा खऱ्या जागेच्या खालीं उतरते. दुसरें असें, कीं मज्जारज्जु कण्याहून आंखूड असतो. म्हणून त्याचे खालचे मज्जातंतु निघतात वर आणि मणक्यांतून बाहेर पडतात बरेच खालीं.

१९२१ नंतर सिकार व फॉरेस्टिए या फ्रेंच वैद्यांच्या पद्धतीनें, आयोडीनयुक्त तेल टोंचून क्ष-किरणांनीं अडथळ्याची जागा दिसूं लागली. १९८० नंतरच्या दशकांत एमआरआय आला, आणि गांठ मज्जारज्जूच्या बाहेर आहे कीं आंत, हेंही शस्त्र लावण्यापूर्वींच कळूं लागलें. बाहेरची गांठ सूक्ष्मदर्शकाखालीं पुष्कळदां संपूर्ण काढतां येते. रज्जूच्या आंतील काढणें अधिक जोखमीचें.

तरीही यंत्र जेवढा भाग दाखवावयास सांगावें तेवढाच दाखवितें. पाय लुळे म्हणून केवळ कमरेचेंच चित्र घेतलें, तर छातीमागील गांठ त्यांत दिसणार नाहीं. कोठें पाहावयाचें हें आजही वैद्याच्या बोटांनीं आणि टांचणीनेंच ठरतें. रात्रीं वाढणारी पाठदुखी आणि पायांना येऊं लागलेला जडपणा हीं दोन्हीं एकत्र आलीं, तर लेप आणि शेक यांत महिने दवडूं नयेत. चेपलेला मज्जारज्जु वेळेवर मोकळा झाला तर पुष्कळदां सावरतो; फार उशीर झाला, तर गांठ निघते आणि पांगळेपण मात्र राहतें.